पसंतीची तीन ठिकाणं

बदलीच्या अर्जात तीन रकाने असतात. पसंतीचं पहिलं ठिकाण, दुसरं आणि तिसरं. सरकारी बँकेत अधिकारी म्हणून लागल्यापासून हा अर्ज माझ्या ओळखीचा आहे. लग्नाआधी तो भरताना फार विचार करावा लागत नसे. कुठेही टाकलं तरी एक बॅग आणि एक गादी एवढाच संसार होता. या वेळी मात्र दिवाळीपासून घरात दुसरा विषय नाही. लेकीला पाच पूर्ण झाली आहेत, येत्या जूनमध्ये तिची खरी शाळा सुरू होईल, आणि मी लिहीन त्या तीन गावांपैकी एका गावाबद्दल ती पुढे आयुष्यभर ‘मी लहानपणी तिथे होते’ असं सांगेल.

सध्या आम्ही बडोद्यात आहोत. माझी इथली मुदत संपत आली आहे, म्हणून निघायचं. बडोद्याबद्दल तक्रार म्हणून नव्हे. मराठी माणसाला या गावात परकं वाटत नाही. दांडिया बाजारात दारांवर अजून मराठी आडनावं दिसतात, गणपती घराघरांत बसतात. लेकीसाठी तर हेच तिचं गाव. सयाजीरावांनी १८७९ मध्ये लोकांसाठी खुली केलेली सयाजीबाग, जिला इथे सगळे कमाटीबाग म्हणतात, ती तिची रविवारची हक्काची जागा. १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या जाणकाराला बोलावून संस्थानभर ग्रंथालयं उभी करायला घेतली. त्यातल्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या जाड काचेच्या फरशीवरून चालताना ती अजूनही माझा हात घट्ट धरते. घरात ती मराठी बोलते आणि जिना उतरला की गुजराती. खालच्या मजल्यावरच्या बांकडे, म्हणजे तिच्या मैत्रिणीच्या आजीकडे, ती न विचारता जेवून येते.

याच गावात तिने २०२४ च्या ऑगस्टमधला पूरही पाहिला. विश्वामित्री पात्र सोडून बाहेर आली आणि तिच्यातल्या मगरी वस्त्यांमध्ये शिरल्या. वनखात्याची माणसं त्या पकडून नेत होती. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये पाणी होतं, वीज गेली होती, आणि आम्ही गॅलरीतून खालच्या तपकिरी पाण्याकडे बघत उभे होतो. तेव्हापासून कुठल्याही नव्या गावाचं नाव काढलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला: तिथे नदी आहे का, आणि नदीत मगर आहे का? या प्रश्नाचा पहिला भाग मीही फार गंभीरपणे घेते.

गाव बदलण्याचा विचार सुरू झाला आणि पहिल्यांदा समोर आला तो वयाचा नियम. लेक सप्टेंबरची. गुजरातमध्ये २०२३-२४ पासून पहिलीच्या प्रवेशाला १ जूनला सहा वर्षं पूर्ण असावी लागतात. महाराष्ट्रात ही तारीख ३१ डिसेंबर आहे. म्हणजे बडोद्यात राहिली असती तर ती आणखी एक वर्ष बालवर्गात बसली असती. महाराष्ट्रात तिला येत्या जूनमध्येच पहिलीत घालता येईल. एक राज्यसीमा ओलांडली की मूल एका वर्षाने मोठं होतं. आम्ही ठरवलं की नियमात बसतं म्हणून घाई करायची नाही. नवं गाव, नवी शाळा, नवी मुलं आणि त्यात पाटीवर एकदम पहिलीचा अभ्यास, एवढं एका जूनमध्ये तिच्यावर लादायचं नाही. शाळेने हो म्हटलं तर ती मोठ्या शिशूत बसेल. या निर्णयावर आमच्या दोन्ही घरांतून ‘वर्ष वाया’ हा शब्द आला. पाच वर्षांच्या मुलीचं खेळण्यात गेलेलं वर्ष वाया गेलं असं मला वाटत नाही, आणि त्यावर मी वाद घालायचा नाही असं ठरवलं आहे.

मग नवऱ्याने तक्ता केला. तो संगणकाच्या क्षेत्रातला, घरून काम करणारा. त्याचा तक्त्यावर विश्वास आहे. आडव्या ओळीत मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर. उभ्या रकान्यांत घरभाडं, शाळेची फी, मुलांचे डॉक्टर, हवा, पाणी, दोन्ही आजोळांचं अंतर, त्याच्या ऑफिसचं अंतर. प्रत्येकाला गुण. बेरीज केली तेव्हा पुणं पहिलं आलं. ज्याला विचारावं तोही पुणंच म्हणत होता. तरीही तो आकडा बघून माझं समाधान होईना, आणि का होत नाही हे मला दुसऱ्या दिवशी बँकेत कळलं.

बाहेरच्यांना वाटतं, चार वाजता शटर खाली आलं की बँक संपली. खरं काम त्यानंतर असतं. कॅश जुळवायची, दिवसभराची व्हाउचर्स तपासायची, कर्जाच्या फायली पुढे ढकलायच्या, डे-एंड करायचा. स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्यांपैकी एक माझ्याकडे असते, त्यामुळे रोकड आत जाऊन कुलूप लागेपर्यंत मला हलता येत नाही. निघायला सात होतात, मार्चमध्ये नऊ. लेक साडेनवाला झोपते. मधला जो वेळ आहे तेवढीच मी तिच्या वाट्याला येते. बडोद्यात शाखेपासून घर स्कूटरवर दहा-पंधरा मिनिटांवर आहे, म्हणून रोज दोन तास तरी मिळतात. त्यात आम्ही जेवतो, गोष्ट होते, भांडण होतं, समजूत निघते. तक्त्यात या दोन तासांना रकानाच नव्हता. मी नवऱ्याला म्हटलं, सगळ्यात वर एक ओळ घाल: लेक झोपायच्या आधी मी घरी किती वेळ असेन? त्याने ती घातली, आणि बेरजेचा क्रम बदलला.

मुंबई लिहायची की नाही, हा सगळ्यात नाजूक प्रश्न होता, कारण सासू-सासरे डोंबिवलीत आहेत. एकुलता एक मुलगा, एकुलती एक नात. त्यांचं घर स्वतःचं आहे, स्टेशनपासून चालत जाण्यासारखं. भाडं वाचेल, मूल आजी-आजोबांच्या अंगाखांद्यावर वाढेल, घरात मराठी, बाहेर मराठी. डोंबिवलीत नाटक आहे, व्याख्यानमाला आहेत, गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेची सुरुवात ज्या गावातून झाली ते हे गाव, आणि दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर पाय ठेवायला जागा नसते. वर्षातून दोनदा तिथे गेलं की मला तिथून निघावंसं वाटत नाही.

पण बँकेच्या अर्जात ‘मुंबई’ लिहिलं म्हणजे डोंबिवलीची शाखा मिळते असं नाही. फोर्ट मिळेल, कांदिवली मिळेल, वाशीही मिळेल. सातला शाखेतून निघून, गाडी पकडून, साडेआठ-नऊला घरी. लेक पेंगत जेवत असणार किंवा झोपलेली असणार.

हे मी सासूबाईंना कसं सांगायचं या काळजीत होते. संक्रांतीला गेलो तेव्हा भोगीची भाजी निवडताना त्यांनीच विषय काढला. त्यांनी स्वतः फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत नोकरी करून निवृत्ती घेतली आहे. सगळी वर्षं डोंबिवली-व्हीटी. लेडीज डब्यात उभ्या उभ्या मटार सोलणं, पिशवीत भाजी निवडून आणणं, सणाला डब्यातच हळदीकुंकू, हे सगळं त्या नेहमी हौसेने सांगतात. त्या दिवशी त्यांनी दुसरं सांगितलं.

“हा चालायला लागला ना,” त्या माझ्या नवऱ्याबद्दल म्हणाल्या, “तो शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात. मला संध्याकाळी कळलं. काकूंनी तो माझ्यासमोर पुन्हा चालावा म्हणून त्याला किती वेळ उभं केलं, पण तो झोपेला आलेला, बसूनच घेत होता. मी म्हटलं, राहू दे, उद्या बघेन. उद्या तर माझी आठ-सातची गाडी.”

मी काहीच बोलले नाही. त्या वालपापडीच्या शिरा काढत राहिल्या.

“मला पर्याय नव्हता गं. घराचे हप्ते होते. आणि काकू देवमाणूस, त्याला काही कमी पडलं नाही. तुम्ही इथे आलात तर मी तिला शाळेत सोडीन, आणीन, तिचं सगळं करीन. पण तू तिला कधी बघशील? तुला तीन नावं लिहायला देतात ना? मग मुंबई लिहू नकोस. आम्ही येऊ तुमच्याकडे. आम्हाला आता वेळच वेळ आहे.”

सासऱ्यांना हे पटलेलं नाही. त्यांनी त्या रात्री जेवताना एवढंच म्हटलं की घरात खोली रिकामी आहे. त्या वाक्याचं ओझं माझ्या मनावर आहे आणि ते उतरेल असं मला वाटत नाही. सासूबाईंचे गुडघे, त्यांची दर तीन महिन्यांची तपासणी, कधीतरी रात्री येणारा फोन, हे सगळं आम्ही लांब राहण्याच्या किमतीत धरलं आहे. हा निर्णय लेकीच्या बाजूने झाला आहे आणि त्यांच्या बाजूने झालेला नाही, हे तसंच म्हटलं पाहिजे.

डोंबिवलीबद्दल आणखी एक गोष्ट मला आई म्हणून सांगावीशी वाटते. तिथल्या एमआयडीसीत २०१६ च्या मे महिन्यात रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि पुन्हा २०२४ च्या मे महिन्यात झाला. दोन्ही वेळा माणसं गेली, दोन्ही वेळा लांबवरच्या घरांच्या काचा फुटल्या. २०२५ च्या जूनमध्ये मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातून माणसं खाली पडली आणि त्यांतली काही गेली. कारखाने आणि घरं इतकी जवळ येऊ दिली, आणि लाखो माणसांनी दारात लटकून कामावर जावं हे चालवून घेतलं, याचा मला मनापासून राग येतो. ज्या गावाने पाडव्याला एवढा देखणा रस्ता करून दाखवला, त्या गावातल्या माणसांना सुरक्षित घरी पोचता यावं एवढी मागणी मोठी नाही.

पुण्याचं काय करायचं, हे ठरवायला आम्ही बहिणीकडे राहून आलो. धाकटी बहीण वाकडला राहते, उंच टॉवरमध्ये. सोसायटीत पोहण्याचा तलाव आहे, घसरगुंड्या आहेत, मुलांसाठी खाली मऊ फरशी आहे. भाचा आनंदात आहे. पण गेटच्या बाहेर पाच वर्षांच्या मुलाचा हात धरून चालायला पदपथ नाही. दूध संपलं तरी गाडी काढायची किंवा मोबाइलवर मागवायचं. उन्हाळ्यात पाण्याचे टँकर रांगेने आत येतात आणि त्याचा खर्च मेन्टेनन्समध्ये धरलेला असतो. २०१७ आणि २०२१ मध्ये आजूबाजूची गावं पुणे महापालिकेत आली, हद्द केवढी तरी वाढली, पण नळ आणि गटार त्या वेगाने वाढले नाहीत. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला नांदेड गाव, किरकटवाडी भागात गियाँ-बारेचे रुग्ण एकामागोमाग एक सापडले आणि संशय दूषित पाण्यावर होता. त्यांत मुलंही होती. हातापायांतली ताकद जाणारा आजार, आणि तो नळातून आला असण्याची शक्यता. त्या दिवसांत बहीण पाणी उकळून, गार करून, पुन्हा गाळून भाच्याच्या बाटलीत भरत होती. मुलं असलेल्या घराने पुण्याचा विचार करताना कुठल्या भागात कुठलं पाणी येतं, हे शाळेच्या आधी विचारावं असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि दुसरं पुणंही आम्ही पाहिलं. जंगली महाराज रस्त्यावर पदपथ इतका रुंद केला आहे की त्यावरच मुलांना खेळायला, चढायला जागा आहेत. लेक तिथे रमली. बाजूने गाड्या जात होत्या आणि मला तिचा हात धरावा लागत नव्हता, हे मला नवीन होतं. कोथरूडकडून सकाळी टेकडी चढणारी कुटुंबं, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, तिथल्या झाडांसाठी रस्त्याला विरोध करणारे लोक, १९९२ पासून चाललेली अक्षरनंदनसारखी मराठी शाळा, वनाजपासून धावणारी मेट्रो. हे पुणं तर मला उद्या द्या. पण बँक अधिकाऱ्याला राहायला भाड्याने (लीजवर) घर घेऊन देताना भाड्याची जी मर्यादा ठेवते, त्यात त्या भागात दोन खोल्यासुद्धा बसत नाहीत. आम्हाला आवडणारं पुणं आणि आम्हाला परवडणारं पुणं यांच्यात दहा-बारा किलोमीटर आहेत, आणि ते अंतर मला रोज संध्याकाळी कापायचं आहे. शिवाय मुंबईसारखंच इथेही: ‘पुणे’ लिहिलं तर वाघोली मिळेल की भोसरी, हे आपल्या हाती नाही.

नाशकात आमचं कोणी नाही. ते नाव अर्जात आलं ते सासूबाईंमुळेच. कल्याणला चढलं की तीन तासांच्या आत नाशिक रोड, आणि त्या मार्गावर गाड्यांना तोटा नाही. मुलगा-सून तिथे असतील तर त्या दोघांना कोणाची मदत न घेता येता येईल. मी नवऱ्याला म्हटलं, गाव संध्याकाळी बघू या, आठवड्याच्या कामाच्या दिवशी. रविवारी सकाळी कुठलंही गाव चांगलं दिसतं. आम्ही पाचच्या सुमाराला गोल्फ क्लब मैदानावर जाऊन बसलो. मोठी माणसं चालत होती, मुलांचे क्रिकेटचे चार-पाच डाव एकमेकांत घुसून चालले होते, आणि सातच्या आत ऑफिसातून सुटलेले बाप मुलांना शोधत मैदानात येत होते. गणवेशातल्या मुलांना घेऊन जाणाऱ्या आयांना मी शाळा विचारल्या. एकीने उभ्या उभ्या आनंदनिकेतनबद्दल इतकं सांगितलं की तिची भाजी घ्यायची राहिली. गंगापूर धरणाचं पाणी, थंडीत स्वेटर लागेल अशी हवा, १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय. लेकीला सांगायला तिथली नदीही होती: दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं यावरून पूर मोजायचा, हे तिला फार आवडलं. बिबट्या गावात शिरल्याच्या बातम्या मात्र मी तिला सांगितल्या नाहीत. २०२६-२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, तेव्हा पुढची दीड-दोन वर्षं रस्ते खणलेले असणार, भाडी वाढणार, गर्दी होणार. ते धरूनही गाव मनात राहिलं.

राहिलं कोल्हापूर. ते माझं माहेर, त्यामुळे त्याच्याबद्दल मी तटस्थ राहू शकत नाही आणि राहायचा प्रयत्नही करत नाही.

राजारामपुरीत आई-बाबा आहेत. बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा मी बडोद्याहून निघून पोचेपर्यंत ते शुद्धीवर येऊन चहा मागत होते. त्या प्रवासात मनात जे काही आलं, ते पुन्हा येऊ नये अशी माझी इच्छा आहे. कोल्हापुरात कुठूनही कुठेही पोचायला वीस-पंचवीस मिनिटं. संध्याकाळी रंकाळ्यावर अर्धं गाव असतं. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध समोर काढून देतात. पेठांमधल्या गल्ल्यांत मुलं अजून फुटबॉल खेळतात, आणि कोणाचं मूल कुठे आहे हे दारात बसलेल्या एखाद्या आजीला माहीत असतं. मी अशीच वाढले. लेकीला नेमकं हेच मिळेल असं नाही, पण यातलं बरंच अजून आहे.

शाळेचाही प्रश्न तिथे सोपा होतो. आम्हाला तिला मराठीतून शिकवायचं आहे, आणि त्याबद्दल आम्हा दोघांच्या मनात शंका नाही. बडोद्यात ते सोपं नव्हतं. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सुरू केलेलं सृजन आनंद विद्यालय आहे. लहान वर्ग, हाताने करून शिकणं, मुलांना प्रश्न विचारू देणं. बाबा तर एवढ्यावर थांबत नाहीत. ते सांगतात की शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना महिना रुपया दंड लावला, आणि अशा गावाला सोडून तुम्ही शाळा कुठे शोधताय? मी त्यांना आठवण करून देते की सयाजीरावांनी तेच बडोदे संस्थानात १९०६ मध्ये केलं होतं. यावर आमचं फोनवर बराच वेळ चालतं. शेवटी आई फोन घेते आणि म्हणते, “ये की गं. किती विचार करायचा?”

विचार करावा लागतो, कारण पंचगंगा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे कोल्हापूरच्या माणसाला पाठ असतात. जुलै-ऑगस्टमध्ये बाबा सकाळी उठून आधी पाणीपातळी बघतात, मग रक्तदाबाची गोळी घेतात. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पाणी धोक्याच्या खुणेच्या कितीतरी वर गेलं. महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि गावाचा संपर्क तुटला. राजारामपुरी उंचावर आहे, तिथे पूर येत नाही. पण पाणी उपसण्याची केंद्रंच बुडाल्यामुळे नळ कोरडे पडले. चहूकडे पाणी आणि घरात प्यायला टँकरची वाट, असे ते दिवस. तेव्हा मी लांब होते आणि फोन लागत नव्हता. म्हणून बाबांनी गावाचं कितीही कौतुक केलं तरी घर बघताना पूररेषेचा नकाशा मी आधी बघणार आहे. लेकीच्या मगरीच्या प्रश्नाला मी दिलेलं हेच उत्तर आहे.

दुसरी अडचण नवऱ्याच्या नोकरीची, आणि ती पुरापेक्षा अवघड आहे. त्याचं ऑफिस हिंजवडीला. सध्या महिन्यातून एकदा जावं लागतं. पण कंपन्या माणसांना परत ऑफिसात बोलावू लागल्या आहेत हे आम्ही दोघंही बघतो आहोत. कोल्हापूर ते पुणे दोनशे तीसेक किलोमीटर. वंदे भारत सुरू झाली आहे, पण आठवड्याचे सगळे दिवस नाही. उद्या आठवड्यातून तीन दिवस या म्हणाले तर? मग लेकीसाठी मी संध्याकाळी घरी असेन आणि तो नसेल. हे मी त्याला विचारलं तेव्हा तो बराच वेळ तक्ता बघत राहिला. मग म्हणाला, “मी दोन रात्री मेहुणीकडे राहीन. तिसऱ्या दिवसाचं बोलून बघू. नाहीच जमलं तर दुसरं काम शोधीन.” त्याने हे सहज म्हटलं, पण त्याच्या कामाच्या माणसाला कोल्हापुरात दुसरं काम मिळणं सोपं नाही. सासूबाईंनी केलेला आठ-सातच्या गाडीचा हिशोब आता त्यांच्या मुलाच्या वाट्याला येऊ नये, यासाठी काय करता येईल हे आम्ही अजून शोधतो आहोत.

त्याची एक अट आहे आणि ती मला मान्य आहे. माहेरच्या घरात राहायचं नाही. दहा मिनिटांवर वेगळं घर घ्यायचं. लेक शाळेतून आजीकडे जाईल, जेवेल, झोपेल. संध्याकाळी आम्ही तिला आणू. आई-बाबांची सत्तरी आली आहे. आज ते तिला सांभाळतील आणि काही वर्षांनी आम्ही त्यांना सांभाळू, हे दोन्ही बाजूंना ठाऊक आहे. मुलीने म्हाताऱ्या आईबापांजवळ राहायला यावं, ही गोष्ट आमच्या नात्यात अजून सगळ्यांना सरळ वाटत नाही. मला वाटते.

या सगळ्या चर्चेत लेकीचं स्वतःचं काय जाणार आहे, हे आम्ही फार उशिरापर्यंत बोललो नव्हतो. आमच्या बँकेतल्या सहकाऱ्यांची मुलं चौथीपर्यंत तीन-तीन शाळा बदलतात. मोठी माणसं म्हणतात, लहान आहेत, विसरतील. विसरतीलही. पण पाच वर्षांच्या मुलाजवळ फोन नसतो, जुन्या मैत्रिणीचा पत्ता नसतो, परत जायला तिकिटाचे पैसे नसतात. मोठ्यांची बदली होते तेव्हा निम्मं जग त्यांच्याबरोबर येतं; मुलाचं सगळंच मागे राहतं. एकदा रात्री तिने विचारलं, “नवीन गावात खाली कोण राहील?” मी म्हटलं, बघू, कोणीतरी छान. ती म्हणाली, “पण बा नाही ना.” मी नाही म्हटलं. खोटं काही सांगता आलं नसतं, आणि सांगायचंही नव्हतं.

शेवटी पहिलं कोल्हापूर, दुसरं नाशिक, तिसरं पुणे असं लिहिलं आणि मुदतीच्या आत अर्ज पाठवला. ऑर्डर एप्रिल-मेमध्ये येतील. तिन्हीतलं एकही मिळालं नाही, असंही होऊ शकतं. म्हणून गाव कुठलंही असो, घरासाठीच्या अटी आम्ही लिहून ठेवल्या आहेत: पूररेषेच्या बाहेर, शाळेला मोठा रस्ता न ओलांडता चालत जाता येईल असं, जवळपास एक तरी मोकळं मैदान, रात्री उघडणारे मुलांचे डॉक्टर, नळाचं पाणी, आणि माझ्या शाखेपासून वीस मिनिटं. तिसऱ्या मजल्याच्या वर नको, म्हणजे खाली खेळणाऱ्या मुलांचे आवाज तिला ऐकू येतील आणि ती आपली आपण उतरून जाईल. खोल्या लहान असल्या तरी चालतील. सासू-सासरे येऊन राहतील तेव्हा आम्ही हॉलमध्ये झोपू.

आणि बांच्या सुनेशी मी बोलून ठेवलं आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिची मुलगी आमच्याकडे राहायला येणार. अहमदाबाद-कोल्हापूर गाडी आठवड्यातून एकदाच बडोद्यावरून जाते, त्यामुळे कोल्हापूरची ऑर्डर आली तर आरक्षण उघडल्याच्या दिवशीच काढावं लागेल. नाशिक किंवा पुणं आलं तर तेवढी घाई नाही. लेकीने त्या मैत्रिणीसाठी काय काय दाखवायचं याची यादी सुरू केली आहे, आणि गाव अजून ठरलेलं नसल्यामुळे यादीत रंकाळाही आहे, दुतोंड्या मारुतीही आहे आणि जंगली महाराज रस्त्यावरची चढायची जागाही.